खाऱ्या वाऱ्यातलं घर: कुठला धातू, कुठे आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर जांभ्याचं घर बांधताय. वर लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना ग्रिल, पहिल्या मजल्याच्या गच्चीला कठडा, आत पोटमाळ्यावर जायला लोखंडी जिना. एक फॅब्रिकेटर म्हणतो, सगळं स्टेनलेस करा आणि विसरून जा. दुसरा म्हणतो, ॲल्युमिनियम, ते गंजतच नाही. मेव्हणे म्हणतात, साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, घ्या आणि दर दोन वर्षांनी रंग मारा. तुम्ही दोघं ठाण्यात, घरात कायम राहणार तुमच्या आई. आणि शेवटी, आजोबांच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या पुन्हा वापरता येतील का.

तिघेही धातूचं नाव सांगतायत. मी रत्नागिरी ते दापोली या पट्ट्यात २७ वर्षं हीच कामं करतोय, आणि मला धातूच्या नावाआधी सांधा कसा आहे ते बघायचं असतं. पत्रा मधोमध गंजून भोक पडलंय असं क्वचित दिसतं. तो गंजतो स्क्रूभोवती, ओव्हरलॅपखाली, ग्राइंडरने कापलेल्या कडेला. ग्रिल गजाच्या मध्यावर मोडत नाही, वेल्डिंगच्या गाठीशी मोडतं. कठड्याचा खांब कमरेएवढ्या उंचीवर ठणठणीत असतो आणि लादीत शिरतो तिथे बोटाने भुगा होतो. त्यामुळे पैसे जाडीत आणि ब्रँडमध्ये घालण्याआधी सांध्यांत घाला. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

आधी एक गोष्ट तुमच्याच वाडीत बघून या. पंधरावीस वर्षांचं कुठलंही घर घ्या आणि दोन ग्रिलं शेजारी शेजारी बघा: एक उघड्यावरचं, पावसात थेट भिजणारं, आणि एक छज्ज्याखालचं, ज्याला पाऊस लागतच नाही. बहुतेक वेळा छज्ज्याखालचं जास्त गंजलेलं दिसेल. लोकांना हे उलटं वाटतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, पण किनाऱ्यावर खरा घात करतं ते मीठ. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पृष्ठभागावर बसतं, हवेतली ओल धरून ठेवतं आणि पाऊस नसतानाही धातू ओलाच राहतो. उघड्यावरच्या ग्रिलवरचं मीठ चार महिने पाऊस धुऊन नेतो. छज्ज्याखाली ते साचत जातं. म्हणून वळचणीखालचं, पत्र्याच्या पोटाकडचं, कठड्याच्या हातपट्टीच्या खालच्या बाजूचं काम जास्त नाजूक समजा. सगळ्यात स्वस्त उपायही यातच आहे: ऑक्टोबर ते मे, पंधरा दिवसांतून एकदा, विहिरीच्या गोड्या पाण्याने नळी मारायची. साबण नको, काही नको. आईंना जमणार नसेल तर बागेला पाणी घालणाऱ्या माणसाकडून करून घ्या. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर मात्र या उपायाचा उपयोग नाही, मग पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

आता ग्रिल. हल्ली सगळीकडे २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाइप वापरतात, कारण तो भरीव दिसतो. जरा वजन बघा. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, बाकी सगळं त्यावरून निघतं. २५ चा १.६ मिमी जाडीचा पाइप मीटरला जेमतेम १.२ किलो. १२ मिमीचा भरीव चौकोनी गज मीटरला १.१३ किलो. म्हणजे लोखंड जवळपास तेवढंच, पैसेही जवळपास तेवढेच. पण पाइपला गंजायला बाहेरून १०० मिमीचा घेर आहे आणि शिवाय आतून, जिथे तुमचा ब्रश कधीच पोचणार नाही. गजाला फक्त ४८ मिमी, तोही सगळा डोळ्यासमोर. १.६ ची भिंत दोन्हीकडून खाल्ली जाते, १२ चा गज एवढ्यात संपत नाही. किनाऱ्यावरच्या ग्रिलला मी पाइप वापरत नाही, भरीव गज आणि ५ किंवा ६ मिमीची फ्लॅट पट्टी, बस्स.

कोणी पाइपच दिला तर निदान वजन करून घ्या. २५ बाय २५ बाय २ चा ६ मीटरचा पाइप साधारण आठ किलोच्या वर भरतो, १.६ चा सात किलोच्या आसपास. कोटेशनमध्ये २ लिहून १.६ आणणं हा इतका जुना प्रकार आहे की आता त्याला कोणी लबाडीही म्हणत नाही.

जुन्या घरांच्या खिडक्यांतले उभे गज शंभर वर्षं टिकलेत आणि आजचं लोखंडच भिकार, असं तुमच्या मेव्हण्यांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. सोबत दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखलाही. लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यामुळे त्यावर एक चिवट संरक्षक थर तयार झाला, हे आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलंय. शिवाय दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. तोच स्तंभ गुहागरच्या पुळणीवर उभा असता तर काय झालं असतं, हा वेगळा प्रश्न. आणि जुने गज टिकले याचं मोठं कारण त्यांच्या मांडणीत आहे. भरीव, उभे, म्हणून पाणी वरून खाली निथळून जातं. लाकडी चौकटीत भोकं पाडून ओवलेले, म्हणून एकही वेल्डिंग नाही. ते गंजतात तेही बरोबर खालच्या उंबरपट्टीच्या भोकात, जिथे पाणी साचतं. तिथे गज फुगतो आणि चौकट उभी चिरते. मेव्हण्यांना तो चिरलेला भाग दाखवा.

ग्रिलच्या सांध्यांचं काय करायचं? माझं उत्तर गेली पंधरा वर्षं बदललेलं नाही: कारखान्यात पूर्ण वेल्डिंग करा, मग सगळं ग्रिल गरम जस्तात बुडवा, मग साइटवर फक्त बोल्टने बसवा. याला हॉट डिप गॅल्वनायझिंग म्हणतात. साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात तयार वस्तू बुचकळतात, त्यामुळे वेल्डिंगच्या गाठीपासून भोकाच्या आतल्या कडेपर्यंत सगळीकडे जस्त चढतं. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे ५ मिमी आणि त्यावरच्या लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. याच्याशी बाजारातल्या ‘जीआय पाइप’ची, म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पाइपची, तुलना करा. १२० ग्रॅमच्या पत्र्यापासून तो केलेला असेल तर हे १२० दोन्ही बाजूंचे मिळून. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन. त्यावर वेल्डिंग केलं की तेही जळून जातं. मग त्या काळ्या डागावर चांदीचा रंग फासतात. तो रंग फक्त जस्तासारखा दिसतो.

हे मी दुसऱ्याचं बघून सांगत नाही. २००३ च्या सुमाराला हर्णैजवळच्या एका घराला मी जीआय पाइपचं फाटक करून दिलं, साइटवर वेल्डिंग, वर चांदीचा रंग, आणि मालकांना छातीठोकपणे सांगितलं की दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फाटकाचा खालचा आडवा पाइप बिजागरीपाशी तुटून पडला. बाकी फाटक नवंकोरं होतं. दुसरं फाटक मी स्वखर्चाने दिलं आणि तेव्हापासून साइटवर वेल्डिंग मशीन न्यायचं बंद केलं.

बुडवायला देताना दोन गोष्टी. जिथे पोकळ पाइप टाळता येत नाही, तिथे प्रत्येक बंद पोकळीला दोन्ही टोकांना भोकं लागतात. आत पाण्याचा थेंब अडकला तर ४५० अंशांवर त्याची वाफ होऊन पाइप फुटतो, आणि टाकीपाशी माणसं उभी असतात. दुसरं, टाकीची लांबी-रुंदी आधी विचारा आणि ग्रिल, कठडा तेवढ्या तुकड्यांत विभागून बोल्टचे सांधे डिझाइनमध्येच घ्या. कारखाना तुमच्यापासून लांब असेल, टेम्पोचं भाडं पडेल. तरी ग्रिल, कठडा, कैच्या, बाहेरचे ब्रॅकेट असं सगळं एका खेपेत पाठवलंत तर भाडं अंगावर येत नाही. त्यासाठी सगळी मापं आधी पक्की हवीत, आणि आपल्याकडे घोडं नेमकं तिथे अडतं.

जाता जाता वेल्डरसाठी: जस्त चढवलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ खा, दूध प्या, असं सांगतात. त्याने काही होत नाही. मोकळी हवा आणि योग्य मास्क लागतो.

जस्तावर रंग हवाच असेल, आणि घरमालकांना तो हवाच असतो, तर साधा ऑइल पेंट थेट मारू नका. तेलाचा रंग आणि जस्त यांचं जमत नाही, मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. आधी एच (etch) प्रायमर, जो जस्तावर पकड धरतो, किंवा जस्तावर चालणारा इपॉक्सी प्रायमर, मग वरचा पॉलियुरेथेन कोट. आणि एखाद्या तुकड्याला एमएसवरच रंग मारायची वेळ आली तर केरोसीनमध्ये पातळ केलेल्या रेड ऑक्साइडच्या एका हातावर विसंबू नका. कारखान्यातून येणाऱ्या लोखंडावरची निळसर काळी खपली निघेपर्यंत सँडब्लास्टिंग, मग जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, मग पुढचे कोट. कडांना आणि वेल्डिंगला आधी वेगळा ब्रशचा हात मारायला सांगा, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडेला नुसता पापुद्रा उरतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर रंगकाम थांबवा. म्हणजे कोकणात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं, तेही सकाळचं दव सुकल्यावर.

ग्रिल सोडण्याआधी एक सांगतो, कारण घरात आई एकट्या असणार आहेत. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या एका खिडकीचं ग्रिल उघडणारं ठेवा, आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी, आणि कडी-बिजागरी त्यांच्या हाताला झेपेल अशी. आग लागली तर बंद ग्रिल हा पिंजरा होतो. बिजागरीला पितळी खिळी घाला, लोखंडी खिळी इथे दोन वर्षांत अडकून बसते.

आता स्टेनलेसकडे. त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि पैसेही तिथेच सगळ्यात जास्त वाया जातात. स्टेनलेस म्हणजे क्रोमियम घातलेलं लोखंड. क्रोमियम हवेशी मिळून डोळ्यांना न दिसणारा पातळ थर करतं, खरवडला गेला तर पुन्हा धरतं. या थराला मिठातलं क्लोराइड भोक पाडतं. ३०४ या प्रतीमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि क्लोराइडपुढे तेच टिकाव धरतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं, ते घरात, किनाऱ्यापासून लांब ठीक. तुमच्या फॅब्रिकेटरने ‘सगळं ३०४’ म्हटलंय. समुद्रापासून ३०० मीटरवर ३०४ चा कठडा एका उन्हाळ्यात चहा सांडल्यासारखा तपकिरी होतो. तो मोडत नाही, पण तुम्ही चकाकीसाठी दिलेले पैसे गेले. आणि ३०४ म्हणून २०२ मिळणं ही रोजची गोष्ट.

मग दुकानदार चुंबक लावून दाखवतो: बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाने या दोघांत काहीच कळत नाही. ३१६ घेताना मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, ते लावून बघा. किंवा मोठ्या भंगारवाल्यांकडे हातात धरायची क्ष-किरण बंदूक असते, ती दोन सेकंदांत टक्केवारी दाखवते. मी माल उतरवण्याआधी एक तुकडा तिथेच नेतो.

३१६ घेतलं तरी सांधा सुटत नाहीच. वेल्डिंगभोवती जो निळा-सोनेरी पट्टा उठतो तो पिकलिंग पेस्टने काढावा लागतो. ती पेस्ट अत्यंत घातक आम्लांची असते, त्यामुळे कारखान्यातच, हातमोजे घालून. तो पट्टा ठेवला तर गंजाची सुरुवात तिथून. एमएस घासलेल्या ग्राइंडरच्या चाकाने स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात लाल ठिपके उठतात. मालक म्हणतात माल खोटा, फॅब्रिकेटर म्हणतो हवा खराब. दोघंही चूक, चाक खराब. चकाकीही आरशासारखी घ्या. खरखरीत सॅटिन फिनिशच्या चरांत मीठ बसतं.

आणि सगळ्यात मोठा शत्रू घरातच असतो. काम संपताना गवंडी लाद्यांवरचं सिमेंट काढायला ॲसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे नुसतं क्लोराइड. त्याची वाफसुद्धा स्टेनलेसला काळे डाग पाडते. एका घरात ३१६ चा सुंदर कठडा गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी असा काळवंडला, आणि मी चार दिवस फॅब्रिकेटरवर चिडलो होतो. मग पायरीखाली ॲसिडचा कॅन सापडला. तुमच्या घरात ॲसिड येऊच देऊ नका. यायचंच असेल तर धातूकाम बसवण्याआधी.

मग कठडा कशाचा? तुमच्या जागी मी १२ मिमीच्या भरीव गजांचा, ५० बाय ८ च्या पट्टीच्या खांबांचा, जस्तात बुडवलेला कठडा करीन, आणि वर हात ठेवायला फणसाची किंवा सागाची लाकडी पट्टी. मे महिन्यात दुपारी कुठल्याही धातूच्या कठड्याला आईंचा हात लावून बघा, लाकूड का ते कळेल. वर स्टेनलेसची हातपट्टी आणि खाली जस्ताचा कठडा हा प्रकार टाळा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला लवकर गंजणारा खाल्ला जातो, आणि इथे तो जस्त. दोन गजांत १०० मिमीपेक्षा जास्त अंतर मी ठेवत नाही, नातवंडं येणारच. खांब लादीत गाडू नका. स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या कडेला पट्टी टेकवून केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) धरा, म्हणजे पाणी साचायला जागाच नाही. वरूनच बसवायचा असेल तर बेस प्लेट लादीच्या वर येऊ दे, डोळ्यांना दिसू दे.

ॲल्युमिनियमवाल्याचं अर्ध बरोबर आहे. खिडक्यांच्या सरकत्या चौकटींना तेच घ्या, पण पावडर कोटिंग चांगल्या कारखान्यातलं, आधी रासायनिक धुलाई केलेलं. ॲनोडाइज्ड घेतलंत तर किनाऱ्यासाठी २५ मायक्रॉन मागा. ओल्या सिमेंटला चौकट टेकू देऊ नका, सिमेंटची अल्कली ॲल्युमिनियम खाते. सहा मीटरची चौकट ३० अंशांच्या फरकाने ४ मिमी लांब-आखूड होते, म्हणून भिंतीशी फट ठेवून सिलिकॉन. कठड्याला आणि सुरक्षेच्या ग्रिलला ॲल्युमिनियम मी वापरत नाही, ते करवतीने मिनिटभरात कापलं जातं.

छपराचं जरा सविस्तर, कारण निसर्ग वादळ अजून सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर ते आलं तेव्हा पत्रे पतंगासारखे उडाले, आणि त्यातले बरेच पत्रे जाड होते. लोक मला अजूनही विचारतात, किती जाडीचा पत्रा घालू? जाडीने पत्रा उडायचा राहत नाही. हिशेब करा. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला (मुंबईसाठी आयएस ८७५ मध्ये हाच मूळ वेग आहे), तर दाब येतो ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा. अर्धा मिमी पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ४ ते ५ किलो. छपराच्या कोपऱ्यांत आणि कडेला ओढ याहून जास्त असते, आणि ती वरच्या दिशेने असते. पत्रा खाली धरून ठेवतो स्क्रू, स्क्रूला पर्लिन (कैच्यांवरची आडवी पट्टी), पर्लिनला कैची, कैचीला स्लॅब किंवा भिंतीवरचा काँक्रीटचा बेल्ट. ही साखळी जिथे तुटेल तिथून छप्पर जातं. जांभ्याच्या भिंतीत नुसते दोन बोल्ट गाडून कैची बसवली असेल तर वादळ चिरासुद्धा घेऊन जाईल. सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा बेल्ट घ्या आणि त्यात आधीच अँकर बोल्ट सोडा. वळचणीच्या आणि कोन्याच्या ओळीत पर्लिन जवळ घ्या, आणि तिथे पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. मधल्या भागात एकाआड एक चालेल.

पत्रा जस्त-ॲल्युमिनियम लेपाचा घ्या, ज्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, दीडशे ग्रॅमच्या लेपाचा, वर रंगीत. स्क्रू मात्र स्वस्त घेऊ नका. पन्नास हजारांचा पत्रा आणि पाच पैशांचा स्क्रू हे चित्र मी दर वर्षी बघतो. रबराचा वॉशर ईपीडीएमचा (ऊन सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा) हवा, साधा रबर उन्हाने तडकतो. पत्रा साइटवर ग्राइंडरने कापू देऊ नका. चाकाने लेप जळतो आणि उडालेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्यावर चिकटून गंजाचे ठिपके पडतात. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापा, आणि मापात मागवलात तर कापायची वेळच येत नाही.

अजून एक, जे इलेक्ट्रिशियन आणि पत्रेवाला यांच्यामधल्या फटीत नेहमी हरवतं. विजेच्या अर्थिंगची तांब्याची पट्टी पत्र्यावरून नेतात. तांब्यावरून वाहिलेलं पाणी जस्ताचा लेप खातं, आणि पट्टीच्या खालची ओळच्या ओळ चाळणी होते. पट्टी ॲल्युमिनियमची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची घ्या. छप्पर, जिना, कठडा हे सगळं अर्थिंगला जोडून घ्या, कोकणातल्या विजा तुम्हाला माहीत आहेत.

माझं स्वतःचं मत विचाराल तर राहत्या घरावर पत्रा नको, याच बुडवलेल्या कैच्यांवर कौलं घाला. चौरस मीटरला पंधरा-सोळा मंगळुरी कौलं, पस्तीस-चाळीस किलो, म्हणजे छप्पर स्वतःच्या वजनानेही काही बसतं. खाली हवा खेळते आणि पावसाचा आवाज सोसवतो. मात्र वळचणीची आणि कोन्याची कौलं तारेने बांधून घ्या. पत्रा गाडीच्या शेडला आणि मागच्या पडवीला.

स्लॅबमधल्या सळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातला सगळ्यात जास्त धातू तिथेच असतो. गंजताना लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. आयएस ४५६ किनाऱ्यावरची हवा ‘सिव्हिअर’ (तीव्र) समजतं: किमान एम ३० काँक्रीट, आणि सळीवर ४५ मिमीचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. तुमचा कंत्राटदार २० मिमीचे दगडाचे तुकडे सळीखाली सरकवताना दिसला की काम तिथेच थांबवा. समुद्राची किंवा खाडीची रेती एक पाटीसुद्धा नको.

आतला जिना सगळ्यात सोपा. घरात मीठ कमी, त्यामुळे एमएस आणि चांगला इपॉक्सी रंग पुरे. पायरीला ५ मिमी चेकर्ड प्लेट आणि खाली एक आडवा अँगल, नाहीतर प्रत्येक पावलाला डबा वाजल्यासारखा आवाज येतो. पायरीवर लाकूड बसवलंत तर आईंसाठी बरं. खालच्या टोकाला बेस प्लेट लादीच्या वर ठेवा. घर पुसताना रोज पाणी तिथेच जाणार.

आता झोपाळा. पितळ किनाऱ्यावर चांगलं टिकतं, म्हणून तर कोकणातल्या जुन्या घरांत कड्या पितळेच्या. पण तुम्ही लिहिलंय की कड्या तीस वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या, तिथे मी थबकलो. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली की आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड पितळाला ओढून-वाकवून आकार देताना त्यात अडकलेला ताण, या दोघांचा तो परिणाम होता, आणि १९२१ साली त्याचा उलगडा झाला. गाईम्हशींच्या गोठ्यातही अमोनिया तोच. कड्या चिंचेने स्वच्छ घासा, उन्हात भिंग घेऊन प्रत्येक कडी बघा, विशेषतः वाक जिथे आहे आणि दोन कड्या एकमेकींत घासतात तिथे. केसाएवढी रेघ दिसली तरी ती कडी बाद. मग झोपाळा टांगून त्यावर सिमेंटच्या ५० किलोच्या सहा गोण्या ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. खाली कोणी बसू नये, मांजरसुद्धा नको. सकाळी गोण्या उतरवून पुन्हा भिंग लावा. वरचा आकडा मात्र नवा करा, १६ मिमीचा, बुडवलेला, आणि पितळ-लोखंड जिथे घासतं तिथे नायलॉनची बुशिंग घाला. कड्यांचा फोटो पाठवलात तर वाकापाशी काय दिसतंय ते मी बघून सांगेन.